बुवांच्या पाण्याचं माप

“चोरीचं?”

लंकाबाईंनी तुळशीची माळ अर्धी ओवलेली तशीच परातीत टाकली. “परत येकदा म्हण, कल्याण. आज आबांची पन्नासावी तिथी हाय. बाहेर मांडव पडलाय. पाचला कारभारी महाराज कीर्तनाला उभे राहनार. आन् तू तुझ्या आज्याच्या भांड्याला काय म्हनालास?”

कल्याणनं नजर खाली घेतली नाही, हे त्यांना त्या शब्दापेक्षाही जास्त लागलं. याच भाच्याला त्यांनी गोवराच्या तापात महिनाभर आपल्या सासरी मिरजगावला नेऊन सांभाळलं होतं. आज तो चाळिशी ओलांडून, इस्त्रीचा सदरा घालून, आपल्याच घरात परक्या माणसाच्या बाजूला उभा होता.

“मी नाही म्हणत, आत्या. खूण म्हणते.”

“कसली खून?”

टीपॉयवर पांढरा रुमाल पसरला होता आणि त्यावर ते माप ठेवलं होतं. वीतभराला जरा कमी उंचीचं, ढगाळ आभाळाच्या रंगाचं, एका बाजूला कान असलेलं. भिंगारच्या या घरात त्याला बुवांचं माप म्हणत. पूर्वी रामनवमीला आणि आबा, म्हणजे सहादू कल्हईवाले, गेल्यापासून त्यांच्या तिथीला, असं वर्षातून एकदाच ते देवघराबाहेर निघे. कीर्तनकारांचं पाणी त्यात भरून ठेवायचं आणि घरातल्या कर्त्या पुरुषानं त्याला अष्टगंधाचा टिळा लावायचा. तो टिळा पुसायचा नाही, मापाचं अंगही घासायचं नाही. पुढच्या वर्षीचा टिळा मागच्यावरच. असं करत करत मापाच्या पोटावर रुपयाएवढी जाड, काळपट तांबडी खपली धरली होती.

आज त्या खपलीचा खालचा भाग नव्हता. तिथला धातू उघडा पडला होता.

“ह्याची खपली कुठं गेली?”

“पुण्याला नेलं होतं तेव्हा पडली,” कल्याण म्हणाला आणि लगेच ओठ चावला.

“पुन्याला? देवघरातलं भांडं पुन्याला जाऊन आलं आन् घरात कुनाला पत्त्या न्हाई?”

कुणालाच नवल वाटलं नाही. तेव्हा लंकाबाईंच्या ध्यानात आलं की पत्ता नव्हता तो फक्त त्यांना. दारात उभी असलेली भावजय रतनबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला धाकटा भाऊ बजरंग, कल्याणचा बाप, बाहत्तर वर्षांचा माणूस, मांडवाच्या बांबूंकडं असं बघत होता, जसे काही ते त्यालाच मोजून घ्यायचे होते.

“वन्सं, तुमी शांत व्हा,” रतनबाई म्हणाली. “तुमी वर्साला येक दिस येता. घरातलं समदं तुमाला कळवायचं म्हंजी…”

“म्हंजी काय? लेक परक्या घरची, असंच ना? आगं, मी ह्या घरात भाता वढलाय. पाच वर्साची हुते तवापास्नं. आबा भांडं तापवायचे आन् मी भाता वढायची. माज्या भुवया जळाल्यात त्या भट्टीवर. तू आलीस तवा भट्टी इझली हुती, रतन.”

सोफ्यावरचा पाहुणा खाकरला. श्रीमंतराव त्यांचं नाव. पुण्यात जुन्या वस्तूंचं दुकान होतं. गोरे, टापटीप, बोलायला अतिशय गोड. त्यांनी डोळ्याला लावायचं बारकं भिंग रुमालानं पुसलं.

“आजी, रागावू नका. मी वस्तू पहिल्यापासून दाखवतो, मग तुम्हीच ठरवा. हे प्यूटर आहे. विलायती.”

“कथील हाय ते,” लंकाबाई म्हणाल्या.

“कथीलच, पण नुसतं नाही. त्यात दुसरं काही मिसळतात म्हणजे कडक होतं. आता हा आतला तळ बघा. लांबट ठसा आहे, मध्ये पाखरू आहे, कडेनं अक्षरं. ती झिजलीत. हा घडवणाऱ्याचा शिक्का. काठाजवळ हा मुकुट, त्याखाली राणीची अक्षरं. माप बरोबर भरतं असं तिथल्या सरकारनं तपासून मारलेला. म्हणजे सव्वाशे दीडशे वर्षांपूर्वीचं.”

“शिक्के खोटे मारता येत न्हाईत व्हय?”

“येतात की. म्हणून तर झीज बघायची.” श्रीमंतरावांना प्रश्न आवडला. “नकली वस्तूवर झीज सगळीकडं सारखी असते. आम्लात बुडवलेली. चरेसुद्धा एकाच दिशेनं पडलेले. खरी झीज हाताच्या सवयीनं होते. हा कान बघा, आतून झिजलाय, बाहेरून नाही. तळाची कड एकाच बाजूला पातळ झालीय. कुणीतरी वर्षानुवर्षं हे टेबलावर जागच्या जागी कलतं करून ओतत होतं. दवाखान्यात दूध नाहीतर औषध मोजायला वापरत असावेत. अशी झीज कुणाला मुद्दाम करता येत नाही.”

लंकाबाईंचा राग क्षणभर थांबला. माणूस आपल्या कामात खरा होता. आबा अशाच माणसाला चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. आणि आई, बायडाबाई, हेच सांगायची: पलटणीच्या दवाखान्यातलं दुधाचं माप.

“फक्त एक आहे,” श्रीमंतराव पुढं म्हणाले, “यात शिसंही असणार. तुम्ही यातून कीर्तनकारांना पाणी देता म्हणे. ते काही बरोबर नाही.”

थांबलेला राग दुप्पट होऊन परत आला. “म्हंजी आबा बुवांला इख पाजत हुते?”

“तसं नाही हो…”

“सत्यशीला, आजच्या कीर्तनाची पत्रिका आन गं. कोरी बाजू वर कर.”

कल्याणची बायको स्वयंपाकघरातून आली. गावातल्या शाळेत ती इंग्रजी शिकवायची. या घरात ती फार बोलत नसे, पण बोललेलं विसरतही नसे. तिनं पत्रिका उलटी करून टीपॉयवर धरली. लंकाबाईंनी माप उचललं, त्याची तळकड कागदावर टेकवली आणि जोर देऊन ओढली. एकदा, दोनदा, तीनदा.

कागद कोराच राहिला.

“शिसं आसतं तर शिसपेन्शिलीवानी रेघ उठली आसती. बाजारात कथलाची कांडी घेतली का आबा आदी कागदावर वढायचे, मंग कानाशी धरून वाकवायचे. चांगलं कथील वाकताना कुरकुरतं. शिसं मुकं ऱ्हातं. ज्या मानसानं जलमभर लोकांच्या खायच्या भांड्यात शिसाचा कन जाऊ दिला न्हाई, त्याच्या घरात बसून तुमी हे बोलता?”

श्रीमंतरावांनी कागद उचलून उजेडात धरला. “मानलं,” ते म्हणाले. “उत्तम प्रतीचं आहे.” आणि मग माप हळूच फिरवून त्यांनी खपलीखालच्या उघड्या जागेवर बोट ठेवलं. “पण आजी, याचं काय करायचं?”

तिथं तीन रेघा खोल ठोकलेल्या होत्या. खाली पसरलेल्या आणि वर एका टोकाला मिळालेल्या. कोंबडीच्या पायासारख्या.

“हा बाण. लष्करी साठ्यातल्या वस्तूवर हा मारत. याचा अर्थ सरकारी मालमत्ता. तुमच्या वडिलांकडं ही आली कशी? त्यांचं छावणीत जाणं-येणं होतं. मी काही आरोप करत नाही.”

“करताय की! गोड बोलून करताय!”

“आत्या, ऐक ना,” कल्याण मध्ये पडला. “आण्णा लष्कराच्याच डेपोतून रिटायर झालेत. त्यांची पेन्शन आहे. उद्या कुणी तक्रार केली, की यांच्या घरात सरकारी माल सापडला, तर? श्रीमंतराव जोखीम घ्यायला तयार आहेत. बारा हजार देतात, बोभाटा न करता घेऊन जातात. चारला त्यांना निघायचंय.”

“आन् पाचला महाराज कशातून पानी पितील?”

“स्टीलचा तांब्या आहे की घरात!”

लंकाबाईंनी मापावर हात ठेवला. त्यांना बायडाबाईंचा आवाज ऐकू आला, रात्री निजताना कितीदा सांगितलेली ती गोष्ट. गोरे लोक गेले त्या साली दवाखान्याच्या आवारात लिलाव झाला. खाटा, कंदील, बादल्या. आबांनी कथलाच्या भांड्यांचं एक पोतं घेतलं, वितळवून कल्हईला वापरायला. दिवसभर एकेक भांडं भट्टीत गेलं. हे शेवटचं हातात असताना दारात एक कीर्तनकार बुवा उभे राहिले, उन्हातून चालत आलेले, घसा सुकलेला. घरातली सगळी भांडी कल्हईच्या राखेनं माखलेली. आबांनी हेच माप विसळून पाणी दिलं. बुवा वरून धार धरून ते पोटभर प्याले आणि म्हणाले, सहादू, ह्यानं आजारी माणसांना दूध दिलंय, मला पाणी दिलं, आता ह्याला जाळू नकोस. बस, एवढंच. त्या दिवसापासून माप देवघरात गेलं आणि आबा कीर्तनात गेले. पुढं असा एक सप्ताह नव्हता जिथं आबा टाळ घेऊन उभे नव्हते.

ही गोष्ट ऐकून लंकाबाई मोठ्या झाल्या होत्या. ही गोष्ट त्यांनी आपल्या नातवंडांना सांगितली होती. आणि आज एक बाण दाखवून ती खोटी ठरवायची?

“बजा,” त्या भावाकडं वळल्या. “तू बोल. तू का गप हायस? तुज्या बापाला चोर म्हनत्यात.”

बजरंगनं खिडकीबाहेरची नजर काढली नाही. “देऊन टाक म्हणून मीच सांगितलं, अक्का.”

“का?”

“खूण खरी आहे.”

“तुला काय म्हाईत?”

“डेपोत लागलो त्याच वर्षी कळलं. आबा गेले ते साल. पहिल्याच महिन्यात साहेबानं पेटाऱ्यांवरचा बाण दाखवला. म्हणाला, हा असेल ती वस्तू फाटकाबाहेर गेली तर नोकरी गेली समज.” बजरंगचा आवाज खाली गेला. “घरी आलो, देवघरात गेलो, आणि बघतो तर तोच बाण. आबांच्या टिळ्याच्या बरोबर खाली.”

“मंग?”

“मग काय. विचारायला आबा नव्हते. आईला विचारायची छाती झाली नाही. त्या वर्षी टिळा लावायची पाळी माझी होती. आबा वर लावायचे. मी जरा खाली ओढला. झाकला बाण.”

बाहेर मांडवात कुणीतरी माईक तपासत होतं, हॅलो हॅलो करत.

सगळ्यात आधी फुटली ती रतनबाई. “काय म्हनालात? खुनेवर घालायला? आवं, पन्नास वर्सं मी उपाशीपोटी, सवळ्यानं, सहाणंवर गंध उगाळून देतीया. हात भरून येतो माजा. म्या म्हनायची, मानसाची किती भक्ती बापावर, टिळा कसा दाबून लावतोय. आन् तुमी मला चोराचं भांडं झाकायला गंध उगाळायला लावलं?”

“रतन, हळू बोल. बाहेर लोक आहेत.”

“आसूंद्या लोक!” ती येऊन लंकाबाईंच्या शेजारी उभी राहिली. सकाळपासून पहिल्यांदाच. “वन्सं, इचारा त्यांला. मला तर त्यांच्याशी बोलूच वाटंना.”

लंकाबाईंना विचारायची गरज नव्हती. संतापानं त्यांचे कान तापले होते. पण तो संताप आता श्रीमंतरावांवर नव्हता, कल्याणवरही नव्हता.

“बजा, तू दर वर्सी तिथीला पहिल्या रांगंत उभा ऱ्हायलास. टाळ वाजवलास. महाराज आबांच्या भक्तीचं बोलायला लागले का डोळं पुसायचास. म्या म्हनायची, माजा भाऊ किती हळवा. म्हंजी तू मनात आबांला चोर म्हनत रडत हुतास?”

“मी त्यांची अब्रू राखली, अक्का. कुणाला सांगितलं नाही.”

“राखली? आरं, चोर म्हनून राखली! बाहेरच्या मानसानं तासाभरापूर्वी म्हनलं. तू पन्नास वर्सं म्हनत आलास. येकदा तरी मला इचारायचं हुतंस. मिरजगावाला यष्टी जाती की न्हाई? म्या सांगितलं आसतं लिलावाचं.”

“आईची ती गोष्ट मलाही माहीत होती. मला वाटलं, झाकायला सांगते.”

“आईबी खोटी!”

श्रीमंतरावांनी घड्याळ बघितलं. घरातलं भांडण मिटेपर्यंत थांबायचा त्यांचा विचार दिसला नाही. त्यांनी रुमालाची टोकं मापावर दुमडायला सुरुवात केली. राहिलेल्या खपलीवरून अंगठा फिरवत ते म्हणाले, “ही मात्र कुणी खरवडू नका हं. जुन्या वस्तूला पाणी लागलं, ब्रश लागला, की किंमत गेली.”

लंकाबाईंचं लक्ष त्या अंगठ्याकडं गेलं. अंगठ्याच्या खाली तो बाण, तीन रेघा. तीन?

त्यांना आठवलं ते डोळ्यांनी नाही, बोटानं. त्या तीन-चार वर्षांच्या असतील. बजा तेव्हा जन्मलाही नव्हता. देवघरासमोर आईच्या मांडीवर बसून, आईनं त्यांचं बोट धरून याच मापावरच्या खाचेत फिरवलं होतं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मोजायला त्या पहिल्यांदा तिथं शिकल्या होत्या. आई त्या खुणेला कोंबडीचा पाय कधीच म्हणाली नव्हती. ती म्हणायची चांदणी.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “भांडं खाली ठेवा.”

“आजी, मला खरंच उशीर…”

“ठेवा म्हनते ना! सत्यशीला, वाटीत कोमट पानी आन. कढत नको. आन् देवाच्या वातीचा कापूस.”

“आत्याबाई, घासायचं म्हणताय?”

“घासायचं कशाला? मी कल्हईवाल्याची लेक हाय. कथलाला चिंच न्हाई, राख न्हाई, काथ्या न्हाई. नुसतं भिजवायचं. बाकीचं ते आपनच सोडतं.”

“पॅटिना, हा जुनेपणाचा थर, जाईल, कल्याणराव!” श्रीमंतराव उभे राहिले. “सांगा त्यांना. मग मी बारासुद्धा देऊ शकणार नाही.”

कल्याणनं हात पुढं केला. “आत्या, नको ना…”

त्याच्या आणि मापाच्या मध्ये रतनबाई येऊन उभी राहिली. “हात लावून बघ,” ती मुलाला म्हणाली. “गंध माजं हाय. मी उगाळलंय. काढायचं का ठेवायचं ते मी ठरवीन.”

लंकाबाईंनी ओला कापूस खपलीवर धरून ठेवला. कुणी बसलं नाही. श्रीमंतरावही गेले नाहीत. थोड्या वेळानं कापूस तांबूस झाला. दुसरा बोळा. तिसरा. वाटीतलं पाणी देवाच्या तीर्थासारखं केशरी झालं आणि खोलीभर चंदन-कापराचा जुना वास पसरला, इतक्या कीर्तनांचा एकत्र. मग आबांच्या हातचे सगळ्यात तळचे टिळेसुद्धा सुटले आणि खपली एका तुकड्यानं लंकाबाईंच्या तळहातावर आली.

खालच्या बाणाच्या टोकाला टोक लावून दुसरा बाण होता. उलटा. वरून खाली आलेला. दोन्ही मिळून सहा रेघा.

“चांदणी,” लंकाबाई म्हणाल्या. “हीच. आता सांगा श्रीमंतराव, हिचा आर्थ काय?”

श्रीमंतरावांनी भिंग लावलं. बराच वेळ लावलं. “कदाचित… दोनदा ठोकलं असेल. चुकून.”

“उलटं? आन् टोकाला टोक धरून?”

“अहो,” सत्यशीला नवऱ्याला म्हणाली, “श्रीमंतरावांनी तुम्हाला बाणाचा अर्थ पटवायला पुस्तकातल्या पानाचा फोटो पाठवला होता ना? मोबाईल द्या.”

“त्यात एकच बाण आहे.”

“तुम्ही तेवढाच बघितला असेल. द्या तर.”

तिनं फोटो बोटांनी मोठा केला, खाली सरकवला आणि थांबली. मग वर्गात वाचतात तशी, स्पष्ट आणि सावकाश, एकेक ओळ मराठीत सांगत गेली. “पहिली आकृती: बाण. सरकारी मालमत्ता. दुसरी आकृती: दोन बाण, टोकाला टोक.” तिनं मोबाईल मापाशेजारी धरला. आकृती आणि चांदणी एकसारखी होती. “निकामी ठरवून सरकारी साठ्यातून रीतसर विकलेली वस्तू. नेणाऱ्यावर चोरीचा आळ येऊ नये म्हणून दुसरा बाण मारत.”

बाहेर मृदंगाला कणीक लावून कुणी थाप मारून बघितली. एकच थाप, स्वच्छ.

“तुमच्याच पानावर हाय,” लंकाबाई श्रीमंतरावांना म्हणाल्या.

“खपली होती. मला दुसरा दिसणार कसा?”

“दिसनार न्हाई. मंग खपली काढू नका, हे कशाला घोकत हुतात?”

श्रीमंतरावांनी ओठ पुसले. ते व्यापारी होते. त्यांनी आकडा पुढं केला. “हे बघा, झालं ते झालं. उलट बरंच झालं. कागदाशिवाय मालकी सिद्ध करणारी खूण फार क्वचित मिळते. मी चाळीस देतो. आत्ता. रोख.”

“कल्याण,” लंकाबाई म्हणाल्या. एवढंच.

तो बापाकडं बघत होता. “आण्णा, तुम्ही मला म्हणालात, पोरा, घरातली घाण आहे, देऊन टाक. मी म्हणालो, नक्की? तुम्ही म्हणालात, नक्की.” मग तो पाहुण्याकडं वळला. “नाही द्यायचं. चाळीसला नाही आणि चार लाखालाही नाही.”

श्रीमंतराव रुमाल घडी करायला लागले. दारापर्यंत गेले तेव्हा लंकाबाईंनी हाक मारली. “जेवून जावा.”

“नको, नको.”

“नको कसं? आबांच्या तिथीला ह्या दारातनं कुनी उपाशी गेलं न्हाई. तुमची नजर चांगली हाय, जीभ न्हाई चांगली. पंगतीला बसा, लापशी खावा. फकस्त ह्या भांड्याकडं परत बघू नका.”

ते बसले. काय करणार बिचारे.

राहिला बजरंग. तो खुर्चीतून उठला होता पण कुठं जावं हे त्याला कळत नव्हतं. लंकाबाईंच्या तळहातावर अजून ती खपली होती. त्यांनी ती त्याच्यापुढं धरली.

“ह्याच्या तळाला आबांचे टिळे. वरचे तुजे. आबांनी देवापाई लावले, त्यांच्या ध्यानातबी न्हाई का आपल्या हातानं आपलीच साक्ष झाकली जातीया. त्यांला कशाला ध्यानात ठेवायचं? त्यांला म्हाईत हुतं आपन चोरलं न्हाई. पन तू?”

“अक्का, माझं चुकलं.”

“मला सांगू नको. मी बाई मानूस, परक्या घरची. मला काय कळतंय.”

“अक्का!”

त्या वळून माळ ओवायला बसल्या. त्यांना रडू येत नव्हतं. रडू यायला राग आधी जावा लागतो, आणि तो काही जागचा हलत नव्हता.

पाचला कारभारी महाराज उभे राहिले. पांढरा फेटा, गळ्यात वीणा, मागं टाळकरी. मांडव भरला होता. अर्धं भिंगार ओळखीचं. बायांच्या बाजूला पहिल्या ओळीत लंकाबाई, शेजारी रतनबाई. महाराजांच्या उजव्या हाताला चौरंगावर पाण्यानं भरलेलं माप. पद्धतीप्रमाणं बजरंग अष्टगंधाची वाटी घेऊन आला. त्यानं अंगठा गंधात बुडवला, मापापर्यंत नेला आणि तिथंच थांबला. अंगठ्यावरून गंधाचा थेंब चौरंगावर पडला. मग त्यानं तो अंगठा स्वतःच्या कपाळाला पुसला, माप हळूच फिरवून चांदणी लोकांच्या बाजूला केली आणि टाळकऱ्यांत जाऊन उभा राहिला.

रतनबाईनं लंकाबाईंना कोपरानं ढोसलं. लंकाबाईंनी तिकडं बघितलंच नाही.

पूर्वरंग संपत आला. महाराजांचा आवाज असा लागला होता की मांडवाच्या कनातीसुद्धा ऐकत असाव्यात. एरवी लंकाबाई अशा वेळी देह विसरून जात. नामाचा गजर आला की त्यांचे हात आपोआप वर जात. आज हात मांडीवरच राहिले. विठ्ठला, त्या मनात म्हणत होत्या, तुझं नाव घेते, पण ह्याला तू माफ कर, माझ्याच्यानं होणार नाही.

महाराज थांबले. पाण्यासाठी हात लांब केला. माप उचलून ते वरून धार धरून प्यायले आणि खाली ठेवताना त्यांची नजर खुणेवर गेली. बावीस वर्षं ते या मापातून पाणी पीत होते. “बजरंगभाऊ,” ते सहज, माईकवरच म्हणाले, “इतकी वर्षं इथं टिळा बघितला. आज ही चांदणी कुठून आली?”

लोक हसले. बजरंग हसला नाही. तो टाळकऱ्यांतून दोन पावलं पुढं आला. त्याच्या गळ्यातले टाळ एकमेकांवर आपटून वाजत राहिले.

“महाराज,” तो म्हणाला. माईकपासून लांब होता, तरी मागच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं. “ही पहिल्यापासून होती. मी झाकली होती. मला वाटायचं आमच्या आबांनी हे भांडं चोरलंय.”

महाराजांनी वीणेवरचा हात काढला.

“त्यांनी लिलावात घेतलं होतं. सरकारचाच शिक्का आहे तसा. बघा हा.” तो वाकला, चांदणीवर बोट ठेवून तसाच राहिला. “पन्नास वर्षं मी माझ्या बापाला… आणि त्यांच्याच तिथीला…”

बायांच्या ओळीत कुणीतरी हुंदका दिला. रतनबाई होती. लंकाबाई तशाच ताठ बसून होत्या. अजून राग होता. घरी गेल्यावर, उद्या, परवा, पुढच्या तिथीलाही थोडा राहणार होता, हे त्यांना ठाऊक होतं. पण भर मांडवात बाहत्तर वर्षांचा बजा एकटा उभा होता, आणि त्याच्या थरथरत्या टाळांना लय नव्हती. ते बेसूर किणकिणणं आबांना खपलं नसतं.

लंकाबाई उठल्या. गुडघे वाजले. पुरुषांच्या बाजूनं पुढं जाऊन त्यांनी भावाच्या गळ्यातले टाळ काढून घेतले, दोरी आपल्या बोटांना गुंडाळली आणि महाराजांकडं बघून म्हणाल्या, “महाराज, चाल धरा. आबांचं नाव अर्धवट ऱ्हायलंय.”

मृदंगावर थाप पडली आणि त्या वाजवू लागल्या, भाता ओढावा तशा, सगळ्या अंगानं.